सहाव्या खुर्चीतून

विनेमका गावी पहाटेचे पावणेचार.
लोर्ना पत्ते पिसते, तोंडात च्युइंगगम.
कुणाच्या हरण्याशी तिचं काही देणंघेणं नाही.

लागोपाठ अकरा डाव. ऑर्विल मोजतोय.
नऊ वाजता चिप्सचे चार मनोरे होते,
आता एकच, बुटका,
त्यातही पांढऱ्याच जास्त.

बाहेर पिकअपमध्ये टॅन्सी झोपलीय घोंगडीवर,
तिच्या श्वासानं काच आतून धुरकटली असेल.

पत्त्यांना मागचं काही आठवत नाही,
हे तो पोरांना शिकवायचा.
पण मला आठवतं त्याचं काय?
मघाशी सत्त्यांच्या जोडीवर भिडलो
ते काय पान चांगलं होतं म्हणून?
समोरचा अंडोनी हसला म्हणून.

पाय निघत नाही म्हणतात.
पाय निघतात.
जॅकेटच्या बाहीत एक हात कधीचाच गेलाय,
दुसरा अजून हिरव्या कापडावर.

‘देऊ?’ लोर्ना विचारते,
आणि उत्तराआधीच दोन पानं येतात सरकत,
पालथी.

तो ती तशीच परत सरकवतो.
एक्के असतील.
असोत.

काचेवरचा बर्फ खरवडायला
खिशात एक कार्ड आहे,
मुदत संपलेलं.