पत्ता

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
जिथं चार माग होते तिथं आता एक लांब टेबल,
टेबलावर माझे बारा दिवे.
प्रत्येकात लाल, हिरवा, निळा, तीन-तीन वॉटचे,
पाठीला ॲल्युमिनियमच्या फासळ्या,
कारण सोलापूरच्या मे महिन्यात
रंगाच्या आधी ताप बाहेर काढावा लागतो.

मुदस्सर डाख लावतो, मी पत्ते देते.
दोनच तारा, एकमेकींत पीळ घातलेल्या.
ऐकू सगळ्यांना सगळं जातं,
हाक मात्र ज्याची त्यानंच घ्यायची.
परवा चुकून दोघांना सतरा दिला.
विचारलं, सतरा, किती तापलास?
दोघं एकदम बोलले.
तारेवर नुसता कचरा.

नायना दारात बसून बघत होते.
ते मिलमध्ये पत्ते पाडायचे, जेकार्डचे:
जाड पुठ्ठा, भोक असेल तिथं ताणा उठणार,
नसेल तिथं पडून राहणार.
एका मोराला किती पुठ्ठे लागतात
ते अजून झोपेतही सांगतात.

म्हणाले, माझा दे की एखाद्याला.
बिल्ला नंबर. अकराशे सत्तेचाळीस.
मिल बंद झाली तेव्हा
तो परत मागायलाही कुणी उरलं नव्हतं.

माझ्याकडे आठ स्विच.
दोनशे पंचावन्नच्या पुढं घरच नाही.
नाही बसत, म्हटलं.
ते हसले. तंबाखूचं बोट धोतराला पुसलं.

रात्री मी तो आकडा
एक आणि शून्यात लिहून त्यांच्यापुढं ठेवला.
त्यांनी ट्रंकेतून कोरा पुठ्ठा काढला, पंच काढला.
ओकटी. भोक.
मग तीन जागा कोऱ्या.
मग चार भोकं सलग, एक कोरी, दोन भोकं.
पुठ्ठा दिव्यासमोर धरला
तर त्यांच्या बंडीवर सात ठिपके,
लाल म्हटलं की लाल, हिरवं म्हटलं की हिरवे.

बोर्ड पुन्हा काढला. अकरा स्विच.
बोर्डामागं नऊ रुपये वाढले.
गड्ड्यासाठी माल नेणारे इरण्णा हत्तुरे म्हणाले,
अहो, दिवे बत्तीस, एवढे पत्ते कशाला?
म्हटलं, एक जण जरा लांब राहतो.

अकराशे सत्तेचाळीसचा निळा
अजून थोडा फिका येतोय.
उद्या करंट बघते.