एक इंच, एक मैल

कापडावर डकवलेला नकाशा, घड्यांत विरलेला.
भावडीच्या वर तपकिरी रेषांची
एकात एक सात कडी,
मधोमध त्रिकोण, उंची फुटांत.
कडेला बारीक अक्षरांत: मेंढवाडा.

म्हाळू कोळेकरनं तो उलटाच धरला
आणि बरोबर वाचला.
"हितनं कळप उतरायचा. हितं पाणी."

यल्लव्वा हसली. तिच्या सासऱ्यानं
वरची तीन कडी सुरुंगानं काढली,
उरलेली तिनं, पाटीनं.
आता तिथं खाणीचं हिरवं पाणी;
दोर टाकला तर पुरत नाही.

मी विचारलं, नव्या नकाशात
डोंगर कुठं दाखवू?

यल्लव्वानं टाचेनं फरशी ठोकली,
कचेरीच्या जिन्याकडं बोट केलं,
मग खिडकीबाहेर, नगर रस्त्याकडं.

म्हाळू म्हणाला,
"पांगलाय, असं लिवा."