दीड मीटर

खांब क्रमांक अठ्ठेचाळीसपाशी मी पहिला खड्डा घेतला.
वर डांबर, खाली राडारोडा, मग लाल मुरमाचा भराव,
आणि त्याच्याही खाली काळा, थंड चिखल.
त्यातून कालवाची एक शिंपली निघाली.
मिटलेली.

दीड मीटर जायचं होतं.
तीन फुटांवर पाणी आलं.
बादलीनं उपसलं, परत आलं,
घाई न करता, घरच्या माणसासारखं.
बोट बुडवून चाखलं. खारट.
घड्याळात अकरा वाजून दहा.
दिवाळे जेट्टीवरून कुणीतरी ओरडलं,
पुनवेचं पानी, होरी वर घे रं.

अहवालाला तेरा रकाने.
पक्ष्यांच्या रकान्यासाठी सकाळभर मान वर.
वेडे राघू अकरा, कोतवाल चार, खंड्या एक,
शिवाय केबलवाल्याची वेटोळी, पतंगाचं शेपूट
आणि एक डाव्या पायाची चप्पल.
तारा खाली गेल्या तर हे कुठे बसतील?
छापील उत्तरं तीन: तीव्र, मध्यम, नगण्य.
मी नगण्यवर खूण केली, मग खोडली.

लाइनमन नारायण भोपी म्हणाला, रोहितांचंही लिवा.
मागच्या चैत्रात एक रात्रीचा तारेवर आदळला,
तो त्यानं स्वतःच्या रेनकोटात गुंडाळून नेला.
गुलाबी होता का, मी विचारलं.
नाय वो. राखाडी. पोर होतं ते.

समाजमंदिरात सुनावणी. एकतीस खुर्च्या, पंखे दोन.
हासूबाई तांडेल उठल्या, माइक नको म्हणाल्या.
बारा वर्षांमागे वादळात तार अंगणात पडली,
त्यांचा धाकटा दीर दोरीवरचे कपडे काढत होता.
एवढंच सांगितलं. सगळ्यांना माहीत होतं.
मग म्हणाल्या, तार वर नको, ह्ये माझ्या नावानं लिवून घे.
पन आता ती दिसतं तरी.
तुटली त ठिनग्या उरतात, पोरांना हाक मारता येतं.
खाली उधानाच्या पान्यान ती काय करंल,
त्याचा आवाज मना कसा येल?

अभियंत्यानं नळी दाखवली, आतलं आवरण दाखवलं,
चाळीस वर्षं काही होणार नाही म्हणाला.
हासूबाईंनी नळी हातात घेतली,
मासा ताजा आहे का बघतात तशी दाबली,
आणि परत दिली.

इतिवृत्त लिहिताना मी एका क्रियापदावर अडले.
तारा पुरायच्या. निधी पुरायचा.
गाडणं आणि कमी न पडणं,
दोन्हींना आपण एकच शब्द वापरत आलो.
निधी पुरत होता, तसा.
पुरली नाही ती जागा.
तिवरांपासून पन्नास मीटर खणायचं नाही,
हा नियम मीच नकाशावर हिरव्या शाईनं आखला,
चांगलं काम केल्यासारखं वाटलं,
आणि रेघ हासूबाईंच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबली.

म्हणजे खांब एकसष्टपाशी तार जमिनीतून वर येईल,
पुढचे सात खांब उभेच राहतील.
तिवरं वाचतील. राघूंना बसायला जागा राहील.
रोहितांचा वाटेतला अर्धा धोका जाईल, अर्धा राहील.
भोपीची शिडी गंजायची नाही.
आणि पावसाळी रात्री हासूबाई
वर बघत झोपतील, आजवर झोपल्या तशा.

मी त्यांना सांगायला गेले.
त्या बोंबील पलटत होत्या.
बरं, म्हणाल्या. मग,
तुला तीन फुटांव पानी लागला ना?
मना इचारला असतास त खनला नसतास.

शेऱ्याचा तेरावा रकाना अजून कोराच आहे.
सोमवारी अहवाल जायचा आहे.
अठ्ठेचाळीसचा खड्डा मी बुजवून घेतला होता,
वर डांबराचं ठिगळही लावलं होतं;
काल बघितलं तर ठिगळ वीतभर खचलेलं,
कडेला ओलं बीळ, आणि बिळाच्या तोंडाशी
एक नांगी वर करून
कुणीतरी माझ्याकडे बघत होतं.