वाटाणा

भेगेवर काचेची पट्टी डकवली,
ओल्या चुन्यात तारीख कोरली: नऊ मार्च.
ओटिल्याबाई म्हणाल्या, मागची काच
नाताळच्या आदल्या रात्री तडकली,
मला वाटलं, कुणी पेला फोडला.

मी आकडा सांगितला:
सप्टेंबरपासून एकशे चौदा मिलिमीटर खाली,
कल पूर्वेकडे.
त्यांनी डब्यातून वाळका वाटाणा काढला,
फरशीवर ठेवला.
तो दाराशी जरा थबकला,
मग घरंगळत चुलीखाली नाहीसा झाला.
"पूर्वेला नाही. आग्नेयेला."
मी पुन्हा मोजलं.
आग्नेयेलाच.

नकाशात बितोमच्या या गल्लीखाली
फिकट निळा पट्टा: कोळसा काढून झालेला.
आता त्याच्याही खालचा थर निघतोय.
"निळ्यात आलोइझ होता, दुपारच्या पाळीला.
घरी येऊन सांगायचा,
आज तुझ्या स्वयंपाकघराखाली होतो,
तुझी पावलं ऐकली."
सातशे मीटरवर पावलं ऐकू येत नाहीत.
हे मी बोललो नाही.

फॉर्मवर रकाना: धोक्याचा वर्ग.
दुसरा की तिसरा, पेन अडलं.
तोवर त्यांनी सूप वाढलं,
ते एका काठाशी गोळा झालं,
तशी ताटलीखाली, सवयीनं,
त्यांनी एक घडीचा कागद सरकवला.
माझाच. मागच्या वर्षीचा अहवाल.