मिठाची साक्ष

हाडांनी दगा दिला, असं सगळे म्हणत होते,
चर्चच्या पायऱ्यांवर, केळ्यांच्या बाजारात.
कोळशागत भाजलेली ती काळी हाडं
कॉफीच्या तोडणीपर्यंत पुरायला हवी होती,
आणि तिसऱ्याच आठवड्यात तोटीखाली फ्लोराइड,
मेरू डोंगराच्या पोटातून निघालं तसंच्या तसं.
म्झे काया ओठ मिटून हसले.
ते हसताना ओठ उघडत नाहीत.
त्यांच्या वयाचं इथे कुणीच उघडत नाही.

नवी पोती मागवू, लोमायानी म्हणाला.
मी म्हटलं, आधी विचारून तर बघू.
कुणाला?
पाण्याला.

मगभर पाण्यात दोन मुठी मीठ.
वरून एका दमात ओतलं, घड्याळ लावलं,
आणि पालथ्या बादलीवर बसले तोटीशी,
मीटरची कांडी धारेत धरून.
पाणी मिनिटाला दोन लिटर,
हाडांमधली पोकळी ऐंशी.
मीठ यायचं चाळिसाव्या मिनिटाच्या आगेमागे,
आधी जरासं, मग पुष्कळ, मग जरासं,
टेकडी चढून उतरल्यासारखं.

सहाशे बारा. सहाशे बारा. सहाशे अकरा.
लोमायानी बहिणीच्या गणिताच्या वहीत लिहीत होता.
अकराव्या मिनिटाला
सातशे चाळीस.

चुकलं असेल, म्हणाला.
कांडी पुसली. सातशे नव्वद.
मग आकडा खाली बसला, घुटमळला,
बावन्नाव्या मिनिटाला पुन्हा उठला,
आणि दिवस कलला तरी मीठ येतच राहिलं,
थेंबाथेंबाने, कुठल्यातरी कोपऱ्यात निजून उठल्यासारखं.

मीठ मिठाला जागलं होतं.
थोडं पाणी पळवाटेने खाली उतरत होतं, कुणालाही न शिवता,
थोडं अडकून पडलं होतं, ज्याला वाटच नव्हती.
दोघांच्या मधे जे काय उरलं असेल,
तेवढ्यावरच आपण गावाला पाणी पाजत होतो.

दुसऱ्या दिवशी निळी शाई सोडली,
पाणी काढून टाकलं, पिंप आडवं करून उभं चिरलं.
भिंतीलगत, फक्त पूर्वेकडे,
हाताच्या पंजाएवढी निळी पट्टी, वरपासून तळापर्यंत.
तिथे खडे होते बोराएवढे.
पश्चिमेला नुसती भुकटी, दाबून बसलेली, चिखल.

शिडी कुठल्या बाजूला होती, मी विचारलं.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
पश्चिमेला. एकच जागा सपाट आहे ना.
पोतं खांद्यावरून तसंच उपडं केलं मी.

मला काही बोलायचं नव्हतं.
ढीग कुणीही घातला तरी
मोठे खडे घरंगळत लांब जातात,
बारीक जिथल्या तिथे राहतं.
पाण्याने फक्त सोपं ते केलं.

मी मधली मूठभर हाडं प्रयोगशाळेत नेली.
कोरी होती.
तीन आठवडे पाणी अंगावरून, शेजारून जात होतं
आणि त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.
ज्यांनी दगा दिला म्हणत होतो, ती.

मग चाळण. भुकटी बाहेर.
नवं पिंप, पायाखाली पाचर, पाणपातळी लावून.
अर्धं पिंप पाण्याने भरलं आणि त्यात हाडं सोडली
ओंजळ ओंजळ, शिडी दर दहा ओंजळींनी सरकवत,
उताराच्या बाजूला तर मी स्वतः ती धरून उभी.
दोन दिवस गेले. म्झे काया म्हणाले,
एवढ्या वेळात आमची आजी बैल वाढवायची.

पुन्हा मीठ. पुन्हा बादली पालथी.
अकरावं मिनिट आलं, गेलं.
सहाशे बारा.
विसावं. सहाशे बारा.
लोमायानीने पेन्सिल दातात धरली होती,
तपकिरी दातात, अगदी विसरून,
आणि मी मीटरकडेच बघत राहिले.