घासाघीस

मारियाम्पोलेच्या बाजारात गाड्या मोजत नाहीत,
रांगा मोजतात.
आमच्या रांगेत अगदी शेवटी ती:
काळी मर्सिडीज, बारा वर्षांची,
ओल्डेनबुर्गहून ट्रेलरवर बसून आलेली.
बाहेरून आरसा.
एइमुतिसनं दार उघडलं
आणि दोन पावलं मागे सरला.
"योविता, ही तुझी."

म्हणजे धूर.
म्हणजे आठवडा गेला.

आधी बॅटरी सोडवली, मग सीटचे बोल्ट.
खुर्च्या बाहेर बर्फात मांडल्या,
घर बदलणाऱ्यांचं सामान टेम्पोची वाट बघतं तशा.
छताचं कापड चहाच्या रंगाचं.
त्याला जोर दाखवायचा नसतो,
गोंद सुटतो, छत पोटासारखं लोंबतं.
लहान मुलाचं तोंड पुसतात तसं टिपायचं.
फडकं पिवळं,
दुसरं पिवळं,
सातवं किंचित कमी पिवळं.

एसीचा फिल्टर निघाला
मेलेल्या वटवाघळासारखा.

पट्टे शेवटपर्यंत ओढून काढले.
गुंडाळीतली सगळ्यात आतली वीत,
तिला कुणाची छाती कधी लागलीच नव्हती.
कोरी. करडी.
का कोण जाणे, ती मी दोनदा धुतली.

चामडं मलईच्या रंगाचं होतं म्हणे.
हे तिसऱ्या दिवशी कळलं.

अ‍ॅशट्रे मात्र लख्ख.
राख तिनं पाहिलीच नव्हती.
आत पुदिन्याच्या गोळ्यांचे कागद,
बारीक घड्या घालून दडपलेले.
चाळीस मोजले आणि सोडून दिलं.
राख होती ती सीटखालच्या रुळांत,
दाराच्या खिशात, रबराच्या फटीत,
जिथं माणूस वाकून बघत नाही तिथं.

अरे बाबा,
कुणापासून लपवत होतास?
काच बोटभर खाली, हात बाहेर,
जानेवारीतसुद्धा.
घराच्या गल्लीत वळताना गोळी तोंडात.
आणि इकडे तुझी गाडी
गावभर चुगली करत फिरत होती.

व्हिनेगर झालं. वाफ झाली.
रात्री ओझोनचं यंत्र आत ठेवून दारं लावली.
काचेमागे ते एकटंच घुमत राहिलं.
सकाळी जवळच वीज पडून गेल्यासारखा वास,
दुपारी तोही नाही.
मला तर काहीच येईना.
पण आठवडाभरात माझं नाक गाडीच्या बाजूचं झालेलं,
साक्षीला उभं करण्यासारखं नव्हतं.

शनिवारी गिऱ्हाईक आलं,
मधमाश्या पाळणारा कुणी रोमाल्दास.
आजारपणात वास गेला तो परतलाच नाही, म्हणाला,
मध आता नुसता गोड लागतो.
म्हणून नाक सोबत आणलंय.
नाक म्हणजे सासू.
ब्रोनेबाई. ऐंशीच्या पुढच्या,
लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली.

"काचा वर. हीटर पुरा. तुम्ही सगळे बाहेर."

गरम झाल्याशिवाय वास तोंड उघडत नाही,
हे आम्हाला धंद्यात शिरल्यावर कळलं.
ह्यांना कुठं कळलं असेल?

दहा मिनिटं.
आम्ही तिघं बर्फात पाय आपटत.
आत त्या डोळे मिटून,
हात मांडीवर,
डॉक्टरकडे नंबर लागायचा असल्यासारख्या.

उतरल्या.
"धूर नाही."
एइमुतिसनं रोखलेला श्वास सोडला.
"पुदिना आहे."

मग हातमोजे चढवता चढवता,
जावयाकडे न बघता,
"आमच्याकडेही होता. एकोणतीस वर्षं."

रोमाल्दास गाडीच्या टायरकडे बघत राहिला.
टायरमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं.

"दोनशे युरो कमी करा," बाई म्हणाल्या,
"पुदिन्याचे."
एइमुतिसनं माझ्याकडे पाहिलं.
सात दिवस घासलं होतं मी,
आता घासाघीस कुठून करू?
केले कमी.

फाटकातून गाडी वळली तेव्हा दिसलं,
एवढ्या थंडीत
मागची काच
बोटभर खाली.