हातचा

ब्रनोला जानेवारीत साडेचारलाच अंधारतं.
प्रयोगशाळेत रेडिएटर खोकतो,
आणि टेबलावर, बुटांच्या खोक्यात,
ब्लाझेनाने जुन्या बाजारातून आणलेली
हिरव्या युरेनियम-काचेची साखरदाणी.
आमचा किरणोत्सार एवढाच.
झाकणही शाबूत आहे.

डिटेक्टर तिला टेकवला की
स्क्रीनवर आकडे ठिबकतात:
चार. सात. पाच. सहा.
नळ नीट बंद न केल्यासारखे.

सहा महिने मी या चिपशी बोलते आहे.
चौसष्ट किलोबाइट,
एका हललेल्या फोटोलाही न पुरणारी जागा;
त्यात उठायचं कधी, झोपायचं कधी,
कण आदळला तर टिपायचा कुठे,
आणि ती अडकलीच, तर दोन सेकंदांत
तिला हलवून जागं कोण करणार.
त्या राखणदाराचं नाव कुत्र्यावरून ठेवलंय.

वर गेल्यावर हात पोचणार नाही.
चुकलं तर चुकीसकट फिरेल,
दिवसाला पंधरा फेऱ्या.

काल वोइतेखने दक्षिण अटलांटिकवरचा मारा
सिम्युलेटरमधून सोडला.
तिथे पृथ्वीची ढाल पातळ आहे,
कण गारांसारखे येतात.
आलेख चढला, चढत राहिला,
आणि नेमका मधोमध, जिथे सगळ्यात जास्त,
तिथे बसला.
शून्य. तीन. एक.
साखरदाणीहूनही शांत.

"सेन्सर दमला असेल," तो म्हणाला, आणि कोट घेतला.

पावणेदोनपर्यंत ओळी चाळल्या.
एकशे बाराव्या ओळीत सापडलं:
मोजणारा डबा आठ बिटांचा. माझाच,
पहिल्या आठवड्यात जागा वाचवताना केलेला.
दोनशे पंचावन्नपर्यंत सगळं मावतं.
पुढचा एक आला की घर रिकामं,
आणि हातचा ठेवायला
मी हातच दिला नव्हता.

शेवटची ट्राम गेली होती. चालत निघाले.
बाबा रोझिंकाच्या खाणीत एकोणीस वर्षं.
छातीवर बिल्ला, तो महिन्याला जमा करायचा,
कोणीतरी तो वाचायचं.
घरी येत, कोपरापर्यंत हात धूत,
सूप बराच वेळ ढवळत बसत.
"आज काय झालं?"
"काही नाही."
मी ते तसंच टिपून घेतलं होतं. शून्य.

सकाळी डबा बत्तीस बिटांचा केला.
तीन बाइट जास्त गेले, बस.
वोइतेखने पुन्हा मारा सोडला
आणि मधोमध शिखर उभं राहिलं,
कुरूप, टोकदार, खरं.
त्याने टेबलावर थाप मारली,
साखरदाणीचं झाकण किणकिणलं.

त्या ओळीखाली मी शेरा लिहिला,
पुढे कोणाच्या हाती हे पडेल त्याच्यासाठी:
शून्य दिसलं तर आधी विचार,
हातचा कुठे गेला.

मग फोन लावला.
मागे रेडिओवर हॉकीचा सामना चालू होता.
"आज काय, बाबा?"
"काही नाही," ते म्हणाले.

मी फोन ठेवला नाही.